छोट्या बाथरूमचे नूतनीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमोड, बेसिन आणि अंघोळीची जागा एकाच खोलीत असलेल्या, साधारण ४ फूट बाय ६ फुटांपासून ५ फूट बाय ८ फुटांपर्यंतच्या बाथरूमचा विचार येथे केला आहे. अशा बाथरूमचे काम काढायचे ठरले की चर्चा बहुधा टाइलच्या रंगापासून सुरू होते. वास्तविक रंगाने जागा मोठी भासते एवढेच; ती प्रत्यक्षात मोकळी होते ती दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो, मैला वाहून नेणारा पाइप कुठून जातो आणि पाणी कुठपर्यंत पसरते या तीन गोष्टी आधी ठरवल्याने. म्हणून पुढील उत्तरांत याच गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

तिन्ही गोष्टी नीट मावण्यासाठी किमान किती जागा लागते?

कमोडच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना, म्हणजे भिंतीपर्यंत किंवा शेजारच्या बेसिनपर्यंत, किमान ३८ सेंमी अंतर असावे आणि कमोडच्या पुढच्या कडेसमोर ५३ ते ६० सेंमी मोकळी जागा राहावी. याचा अर्थ एकट्या कमोडला रुंदीत ७६ सेंमी लागतात. शॉवरखाली नुसते उभे राहायचे तर आतल्या मापाने ७५ × ७५ सेंमी पुरतात, परंतु वाकून पाय घासता यावेत आणि कोपर भिंतीला लागू नये अशी इच्छा असेल तर ९० × ९० सेंमी धरावेत. बेसिनसमोर ५५ ते ६० सेंमी पुरेसे होतात.

हे सगळे आकडे एकापुढे एक मांडून बेरीज केली तर कोणतेही छोटे बाथरूम अपुरेच ठरेल. पण बाथरूम एका वेळी एकच माणूस वापरतो, त्यामुळे कमोडसमोरची, बेसिनसमोरची आणि दरवाजातून आत येण्याची मोकळी जागा ही एकच असू शकते. वस्तू तिन्ही बाजूंना आणि मोकळी जागा मध्ये सलग, अशी मांडणी साधली की निम्मे काम झाले. मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरली की मात्र तेवढेच क्षेत्रफळ अडचणीचे वाटू लागते.

मोजमाप कसे घ्यावे?

जुन्या बाथरूमच्या भिंती क्वचितच गुण्यात, म्हणजे सरळ आणि एकमेकींशी काटकोनात, असतात. प्रत्येक भिंत फरशीलगत, कंबरेच्या उंचीवर आणि डोक्याच्या उंचीवर अशी तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत लहान माप खरे धरावे. फरशीलगत १२१ सेंमी भरणारी भिंत बेसिनच्या उंचीवर ११९.५ सेंमी भरते आणि १२० सेंमीचा तयार काउंटर ऐन बसवण्याच्या दिवशी दारात अडकून राहतो, ही नेहमीची गोष्ट आहे. समोरासमोरच्या भिंतींची लांबी सारखी असेल तर दोन्ही कर्ण मोजावेत; ते सारखे आले नाहीत तर खोली तिरकी आहे. एखादाच कोपरा तपासायचा असेल तर एका भिंतीवर ६० सेंमी, दुसऱ्या भिंतीवर ८० सेंमी अशा खुणा करून त्यांच्यातील तिरके अंतर बरोबर १०० सेंमी येते का ते पाहावे.

उघड्या विटेच्या भिंतीवर मोजले असेल तर गिलावा, टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून प्रत्येक बाजूला साधारण २ ते ३ सेंमी कमी होतील हे लक्षात ठेवावे. त्यानंतर कमोड, बेसिन आणि शॉवरचे खऱ्या मापाचे आकार जुन्या वर्तमानपत्रातून कापून फरशीवर मांडावेत, कमोडच्या जागी स्टूल ठेवून त्यावर बसून पाहावे आणि गुडघ्यांपुढे किती जागा उरते ते तपासावे. कागदावरच्या नकाशात न दिसणारी अडचण अशा वेळी हमखास समोर येते.

दरवाजा बदलल्याने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ अधिक. ७५ सेंमी रुंदीचा दरवाजा आत उघडताना सुमारे ०.४४ चौरस मीटर फरशी झाडत जातो. १.२ × १.८ मीटरच्या बाथरूमचे क्षेत्रफळ २.१६ चौरस मीटर आहे. म्हणजे फरशीचा पाचवा हिस्सा केवळ दरवाजासाठी राखून ठेवावा लागतो आणि तेथे कोणतीही वस्तू बसवता येत नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे तोच दरवाजा बाहेर उघडेल असा करणे. बाहेर अरुंद मार्गिका असेल आणि दरवाजा येणाऱ्या-जाणाऱ्याला लागेल अशी भीती असेल तर भिंतीवरून सरकणारा दरवाजा बसवावा. त्यासाठी बाजूला दरवाजाच्या रुंदीइतकी कोरी भिंत लागते आणि त्या भिंतीवर दिव्याची बटणे ठेवता येत नाहीत. भिंतीच्या पोटात सरकणारा दरवाजा दिसायला उत्तम असतो, परंतु त्यासाठी भिंत फोडून पुन्हा उभारावी लागते आणि पुढे त्या भिंतीतून पाइप नेता येत नाही. मध्ये दुमडणारा दरवाजा निम्मीच जागा घेतो. त्याच्या बिजागऱ्या आणि वरची पट्टी मात्र पाण्याच्या वाफेने लवकर कुरकुरू लागतात, म्हणून घडीचा दरवाजा शेवटचा पर्याय समजावा.

बाहेर उघडणाऱ्या किंवा सरकणाऱ्या दरवाजाचा आणखी एक गुण असा, की आत कोणी चक्कर येऊन पडले आणि त्याचे शरीर दरवाजाला टेकले, तरी बाहेरच्यांना दरवाजा उघडता येतो. आजारी किंवा वृद्ध माणसाच्या वापरातील बाथरूममध्ये एवढ्या एकाच कारणासाठी आत उघडणारा दरवाजा बदलावा, असे माझे मत आहे.

कमोडची जागा बदलावी का?

शक्यतो बदलू नये. बेसिन आणि शॉवर हलवणे तुलनेने सोपे असते, कारण त्यांचे पाइप बारीक असतात. कमोडचा पाइप १०० ते ११० मिमी व्यासाचा असतो आणि त्याला १:४० च्या आसपास उतार द्यावा लागतो, म्हणजे प्रत्येक मीटरला सुमारे २.५ सेंमी. कमोड उभ्या पाइपपासून दीड मीटर दूर नेला तर केवळ उतारासाठी पावणेचार सेंमी लागतात; त्यात पाइपचा व्यास, खालचा बेंड आणि वरचे फरशीचे थर मिळवले की फरशीखाली २० सेंमीहून अधिक खोली हवी. स्लॅब खोलगट ठेवून वर भराव केलेल्या बाथरूममध्ये ती मिळते. जेथे ती मिळत नाही तेथे फरशीच उचलून पायरी करावी लागते, आणि छोट्या बाथरूममधील पायरी म्हणजे रोजची ठेच.

कमोड जागेवरच ठेवून त्याची दिशा फिरवणे हा मधला मार्ग अनेकदा उपयोगी पडतो. मोटरच्या साहाय्याने मैला बारीक करून अरुंद पाइपातून ढकलणारे कमोडही मिळतात. पण त्यांचा आवाज होतो आणि वीज गेली की ते थांबतात, म्हणून घरातील एकमेव कमोडसाठी ते टाळावेत.

नवा कमोड घेण्यापूर्वी त्याची निचऱ्याची वाट भिंतीत जाते की फरशीत, म्हणजे पी-ट्रॅप आहे की एस-ट्रॅप, हे जुन्याशी ताडून पाहावे. एस-ट्रॅप असेल तर फरशीतील पाइपच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर टाइल बसवल्यानंतरच्या भिंतीपासून मोजायचे असते. हे अंतर चुकले की कमोड भिंतीला टेकत नाही किंवा टाकीसाठी जागाच उरत नाही.

भिंतीवर टांगलेला कमोड जागा वाचवतो, हे कितपत खरे आहे?

अर्धे खरे आहे. मागे टाकी असलेला नेहमीचा कमोड भिंतीपासून साधारण ६५ ते ७० सेंमी पुढे येतो, तर टांगलेल्या कमोडचे भांडे ४८ ते ५४ सेंमीच पुढे येते. मात्र टांगलेल्या कमोडची टाकी आणि लोखंडी फ्रेम भिंतीत लपवावी लागते, आणि तिच्यासाठी १२ ते २० सेंमी जाडीची खोटी भिंत पुढे घेतली तर हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. फ्रेम मागच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या पोकळीत, किंवा मुळातच असलेल्या कोनाड्यात बसत असेल तरच खरी बचत होते. दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसणाऱ्या अरुंद फ्रेमही मिळतात.

असे असूनही टांगलेल्या कमोडच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. त्याच्याखालची फरशी सलग दिसते आणि सहज पुसता येते. आणि खोट्या भिंतीचा माथा कमोडच्या मागे सुमारे ११० ते १२० सेंमी उंचीवर एक आयता कट्टा देतो. फ्रेम पातळ भिंतीवर केवळ स्क्रूने टांगू नये. तिचे पाय स्लॅबवर टेकवून घ्यावेत. आसनाची उंची ४० ते ४३ सेंमी राहील हे फ्रेम बसवतानाच ठरवावे लागते, कारण नंतर ती बदलता येत नाही, आणि ती मोजताना वर येणाऱ्या फरशीची जाडी धरायला विसरू नये. टाकीच्या आतील दुरुस्ती बटणाच्या पट्टीमागून करता येते, पण त्या पट्टीवरून टाइल घेतली किंवा तिच्यासमोर कपाट लावले तर पुढे भिंत फोडण्याचीच वेळ येते.

बेसिन कोणते घ्यावे?

२५ ते ३० सेंमी खोलीचे, भिंतीवर टांगलेले. त्याची वरची कड फरशीपासून ८० ते ८५ सेंमी उंचीवर ठेवावी. खांबावर उभे असणारे बेसिन फरशी अडवते आणि त्या खांबामागची जागा कधीच स्वच्छ होत नाही. बेसिनखाली कपाट हवे असेल तर तेही फरशीपासून उचललेले असावे. बेसिनच्या मागे खोली कमी असेल तर नळ बाजूला बसवता येणारे बेसिन निवडावे किंवा नळ भिंतीतून काढावा. भिंतीतून काढलेल्या नळाची धार बेसिनच्या छिद्राच्या अगदी जवळ पडेल अशी लांबी घ्यावी, नाहीतर उथळ बेसिनमधून पाणी पोटावर उडते.

अंघोळीची ओली जागा काचेने वेगळी करावी का?

दिवसभर सगळी फरशी ओली राहणे हीच छोट्या बाथरूमची मुख्य तक्रार असते, म्हणून पाणी अडवलेच पाहिजे. ते काचेनेच अडवावे असे मात्र नाही. बाथरूमची रुंदी १२० सेंमीहून कमी असेल तर दरवाजासह पूर्ण काचेची पेटी केल्यास आतले आणि बाहेरचे दोन्ही भाग चिंचोळे होतात. अशा ठिकाणी ७० ते ८० सेंमी रुंदीची एकच स्थिर काच, दरवाजाशिवाय, पुरेशी होते. शॉवरचे तोंड त्या काचेकडे किंवा आतल्या भिंतीकडे वळवलेले असावे, मोकळ्या बाजूकडे नसावे. रुंदी १०० सेंमीच्या आसपास असेल तर घडी होणारी काच किंवा साधा पडदा लावावा. पडद्याला कमी लेखण्याचे कारण नाही : तो वापर नसताना एका बाजूला गोळा होतो आणि सारी खोली मोकळी करून देतो. तो धुवावा आणि काही काळाने बदलावा लागतो एवढाच त्याचा त्रास.

काच टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, असावी. स्थिर काचेसाठी ८ मिमी आणि बिजागरीवर फिरणाऱ्या काचेसाठी ८ ते १० मिमी जाडी योग्य असते. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही किंवा तिला भोक पाडता येत नाही, त्यामुळे टाइल पूर्ण बसल्याखेरीज काचेचे माप देऊ नये. काच पारदर्शक घेतली तर नजर शेवटच्या भिंतीपर्यंत जाते आणि खोली आहे तेवढी दिसते. धुरकट काचेने ती मध्येच तुटते.

ओल्या भागाची फरशी उरलेल्या फरशीपेक्षा १ ते २ सेंमी खाली ठेवणे, हा पाणी अडवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. उंच कट्टा बांधण्यापेक्षा तो पायालाही बरा पडतो.

फरशीचा उतार किती असावा?

शॉवरच्या भागात १:५०, म्हणजे ९० सेंमी अंतरात साधारण १.८ सेंमी, कोरड्या भागात त्याहून थोडा कमी चालतो, पण उतार नहाणी ट्रॅपकडेच असावा, दाराकडे नव्हे. ट्रॅप मध्यभागी असेल तर फरशी चारही बाजूंनी त्याकडे उतरते आणि मोठी टाइल तशी वळत नसल्यामुळे तिरके काप घ्यावे लागतात. भिंतीलगत लांबट जाळीचा निचरा घेतला तर उतार एकाच दिशेचा राहतो आणि मोठी टाइल अखंड बसते. ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी साचून राहील अशी रचना हवी. गटाराचा वास अडवण्याचे काम तेच पाणी करते. फरशी बसल्यावर, गवंडी जाण्यापूर्वी, बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबते ते पाहावे.

जुन्या टाइलवर नवी टाइल बसवली तर चालेल का?

तांत्रिकदृष्ट्या बसवता येते, छोट्या बाथरूममध्ये बसवू नये. नवी टाइल ८ मिमी आणि तिच्यामागचे ॲडहेसिव्ह ४ ते ५ मिमी धरले तर एका भिंतीवर सव्वा सेंमी आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर अडीच सेंमी जागा जाते. याउलट जुनी टाइल आणि तिच्यामागचा मालाचा जाड थर काढला तर प्रत्येक भिंतीवर २ ते ३ सेंमी परत मिळू शकतात. दोन्हींतील फरक सहज ७-८ सेंमींचा होतो, आणि कमोड व बेसिन यांच्यामध्ये तेवढेच अंतर कमी पडत असते. फरशीवर दुहेरी थर दिल्यास दरवाजा घासू लागतो आणि उंबऱ्याचा मेळ बिघडतो. शिवाय जुन्या टाइलमागचे जलरोधन कोणत्या अवस्थेत आहे हे कायमचे झाकले जाते.

भाड्याच्या घरात किंवा केवळ एका भिंतीचे रूप बदलायचे असेल तर वेगळे. तेव्हा जुनी टाइल लाकडी मुठीने वाजवून पाहावी, पोकळ वाजणाऱ्या टाइल काढून टाकाव्यात, उरलेल्यांची चकाकी घासून घालवावी आणि टाइलवर टाइल धरणारेच ॲडहेसिव्ह वापरावे.

जलरोधन, म्हणजे वॉटरप्रूफिंग, पुन्हा करणे आवश्यक आहे का?

फरशी फोडली असेल तर होय, आणि ते अंशतः करता येत नाही. टाइल स्वतः पाणी फारसे शोषत नसली तरी दोन टाइलमधील सांध्यांत भरलेले सिमेंटचे ग्राउट पाणी शोषते, आणि ते पाणी खालच्या थरात उतरून पाइपच्या कडेने किंवा फरशी-भिंतीच्या कोपऱ्यातून आपली वाट काढते. त्यामुळे गळती जवळजवळ कधीच फरशीच्या मध्यातून होत नाही. ती कोपऱ्यांतून, ट्रॅपच्या गळ्यातून आणि उंबऱ्याखालून होते. कामगाराचा बहुतेक वेळ या तीन ठिकाणी गेला पाहिजे.

क्रम असा असतो. फरशी स्लॅबपर्यंत साफ करून घ्यावी आणि धूळ राहू देऊ नये. स्लॅबमधून जाणाऱ्या पाइपभोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरावी. फरशी आणि भिंत जेथे मिळतात तेथे सिमेंटच्या मालाची गोलाई द्यावी, कारण काटकोनात लावलेला लेप पुढे तेथेच चिरतो. या गोलाईवर आणि पाइपांच्या भोवती जाळी बसवावी. मग पॉलिमर मिसळलेल्या लवचीक सिमेंटी लेपाचे किमान दोन हात द्यावेत. दुसरा हात पहिल्याच्या काटकोनात, पहिला वाळल्यानंतर. शॉवरच्या भिंतींवर लेप १८० सेंमीपर्यंत, इतर भिंतींवर ३० सेंमीपर्यंत आणि दाराशी उंबऱ्याच्या खालून पलीकडे न्यावा. भिंतीतील पाइपांसाठीच्या झिऱ्या लेपापूर्वीच बुजलेल्या असाव्यात.

लेप पक्का झाल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून, दाराशी तात्पुरता बांध घालून, फरशीवर ५ सेंमी पाणी २४ ते ४८ तास साठवून ठेवावे. पाण्याच्या पातळीची भिंतीवर पेन्सिलने रेघ ओढावी आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहावे. एक-दोन मिलिमीटर पाणी हवेत उडून जाते. त्याहून अधिक उतरले तर कोठेतरी वाट आहे. ही चाचणी टाइलपूर्वीच व्हायला हवी. तिच्यामुळे काम दोन दिवस थांबते, आणि नेमकी याच कारणासाठी ती टाळली जाते. कोणी 'आमचे काम कधी गळत नाही' असे सांगून चाचणी नाकारत असेल तर ते काम त्याला देऊ नये. चाचणीनंतर लेपावर मालाचा संरक्षक थर त्वरित घालावा, कारण त्यावरून फावडी आणि बादल्या ओढल्या गेल्या तर सगळे श्रम वाया जातात.

टाइलचा आकार आणि रंग कसा निवडावा?

भिंतीवर मोठी टाइल, उदाहरणार्थ ६० × १२० सेंमी, घेतली तर सांधे कमी होतात आणि भिंत शांत दिसते. छोट्या जागेत छोटीच टाइल हवी हा समज खरा नाही. फरशीवर मात्र उतार आणि पकड या दोन्हींसाठी ३० × ३० सेंमी किंवा त्याहून लहान टाइल सोयीची पडते. फरशीची टाइल खडबडीत असावी. घसरण-रोधाचा आर १० किंवा आर ११ हा दर्जा बाथरूमला योग्य आहे. फरशी आणि भिंत यांच्या रंगांत फार तफावत नसेल तर खोलीच्या कडा कमी जाणवतात. गडद रंग निषिद्ध नाहीत, परंतु त्यांवर साबणाचे आणि क्षारांचे पांढरे डाग ठळक दिसतात.

निम्म्या भिंतीपर्यंतच टाइल आणि वर रंग, ही जुनी रीत छोट्या बाथरूमला आडवी कापते. शॉवरच्या बाजूला तरी टाइल छतापर्यंत न्यावी. भिंत आणि फरशी यांच्या कोपऱ्यातील सांध्यात ग्राउट न भरता सिलिकॉन भरावे, कारण तेथे हालचाल होते आणि ग्राउट फुटते.

सामान ठेवण्यासाठी जागा कुठून आणावी?

भिंतीच्या पोटातून. ९ ते १० सेंमी खोलीचा कोनाडा शॉवरच्या भिंतीत घेतला तर साबण-शाम्पूच्या बाटल्या खोलीची एक सेंमीही जागा न अडवता मावतात. २३ सेंमी जाडीच्या विटेच्या भिंतीत तो घेता येतो. १० सेंमीच्या पातळ भिंतीत किंवा काँक्रीटच्या खांबात कदापि घेऊ नये. कोनाड्याच्या तळाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, आतूनही जलरोधक लेप द्यावा आणि त्याची वरची-खालची कड टाइलच्या सांध्याशी जुळवावी. भिंतीच्या पलीकडच्या बाजूला कपाट किंवा वीजवाहिनी नाही ना, हे फोडण्यापूर्वी पाहिलेले बरे.

आरशामागचे १२ ते १५ सेंमी खोलीचे कपाट, दरवाजाच्या वरची फळी आणि कमोडच्या मागचा कट्टा या आणखी तीन जागा. आरसा बेसिनपुरता न ठेवता भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावला तर त्याचा परिणाम कोणत्याही टाइलपेक्षा मोठा असतो, आणि चेहऱ्यावर सावली पडू नये म्हणून दिवा वर एकच लावण्याऐवजी आरशाच्या दोन्ही बाजूंना लावावा.

हवा खेळती कशी ठेवावी?

बाथरूममधील हवा तासाला किमान ८ वेळा बदलावी असा हिशेब धरतात. १.२ × १.८ मीटरच्या, २.४ मीटर उंचीच्या खोलीत सुमारे ५.२ घनमीटर हवा असते, म्हणजे ताशी ४२ घनमीटर. प्रत्यक्षात पाइप आणि जाळी यांच्या अडथळ्याने पंख्याची क्षमता घटते, म्हणून ताशी ८५ घनमीटरच्या आसपासचा पंखा घ्यावा. पंखा शॉवरच्या जवळ आणि दरवाजापासून दूर असावा, आणि दरवाजाखाली दीड-दोन सेंमी फट ठेवावी, कारण आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर पंखा नुसताच फिरतो. अंघोळीनंतर तो साधारण २० मिनिटे चालू ठेवावा. पंख्याची हवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडून देण्याचा प्रकार काही ठिकाणी दिसतो. त्याने बुरशी खाली न वाढता वर वाढते.

गिझर आणि विजेची काय काळजी घ्यावी?

३ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर वीज ओढतो. त्यासाठी स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह आला की वीज तोडणारा स्विच) आणि योग्य अर्थिंग हवे, आणि संपूर्ण बाथरूमच्या विजेवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) असावे. शॉवरच्या कडेपासून ६० सेंमीच्या आत प्लग किंवा बटण नको. जागा इतकी लहान असेल तर बटणे बाहेरच घ्यावीत. शॉवरच्या आसपासचे दिवे आणि पंखा पाण्याचे शिंतोडे सहन करणारे, आयपीएक्स ४ दर्जाचे असावेत.

१५ लिटरच्या गिझरमध्ये नुसत्या पाण्याचेच वजन १५ किलो असते, म्हणून तो भक्कम भिंतीवर, दरवाजाच्या किंवा कमोडच्या वर टांगावा. उभा गिझर बसत नसेल तर आडवा घ्यावा, पण आडवा म्हणूनच बनवलेला. उभा गिझर आडवा टांगू नये. फॉल्स सीलिंगच्या वर लपवल्यास कॉइल बाहेर ओढता येईल एवढे झाकण ठेवावे. धूर बाहेर नेण्याची सोय नसलेला गॅस गिझर बंद बाथरूममध्ये बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरतो.

वॉशिंग मशीन आत मावेल का?

पुढून कपडे टाकण्याचे यंत्र साधारण ६० सेंमी रुंद असते आणि त्याचे झाकण उघडायला समोर तेवढीच जागा लागते. ते बेसिनच्या काउंटरखाली बसले तरच विचार करावा. शॉवरशेजारी, काचेच्या आडोशाशिवाय, ते ठेवणे विजेच्या दृष्टीने धोक्याचे आहे.

वृद्धांसाठी वेगळे काय करावे?

आधाराचे दांडे कमोडच्या बाजूला आणि शॉवरमध्ये ८४ ते ९१ सेंमी उंचीवर लावावेत. ते आज नको असले तरी भिंत मोकळी असताना त्या जागी भक्कम आधार भरून ठेवावा, म्हणजे पुढे दांडा हव्या त्या दिवशी लावता येतो. टॉवेलची दांडी आधारासाठी चालत नाही. घसरणारा माणूस तिच्यासकट खाली येतो. बसून अंघोळ करायची असेल तर भिंतीला दुमडून राहणारे आसन घ्यावे.

कामाचा क्रम काय असावा आणि किती दिवस लागतात?

तोडफोड, नळजोडणी, विजेच्या नळ्या, दाबाखाली पाइपांची तपासणी, झिऱ्या बुजवणे, जलरोधन, पाणी साठवून चाचणी, भराव आणि उतार, भिंतीच्या टाइल, फरशी, फॉल्स सीलिंग, कमोड-बेसिन-नळ, काच, सिलिकॉन. यात घाई करण्याची जागा एकही नाही. गिलावा, लेप आणि ग्राउट वाळण्याचा वेळ कामगार वाढवून कमी होत नाही. सगळे साहित्य आधीच घरात असेल तर साधारण तीन आठवडे धरावेत. शॉवरच्या डायव्हर्टरचा, म्हणजे पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या झडपेचा, भिंतीतील भाग हाती असल्याशिवाय तोडफोड सुरूच करू नये, कारण त्याच्या खोलीवर टाइलची पातळी ठरते. घरात एकच बाथरूम असेल तर कमोड काढणे आणि नवा बसवणे यांमधल्या दिवसांची दुसरी सोय आधी करून ठेवावी.

पाइप उघडे असताना प्रत्येक भिंतीची, शेजारी टेप धरून, छायाचित्रे घ्यावीत. पुढे खिळा मारताना त्यांचा जो उपयोग होतो तो कोणत्याही नकाशाचा होत नाही.

खर्च कमी करायचा असेल तर कुठे करावा?

टाइलच्या किमतीत, आरशाच्या चौकटीत, नळांच्या झिलईत आणि फॉल्स सीलिंगच्या नक्षीत. भिंतीआडचे पाइप, डायव्हर्टर, कोन-झडपा, ट्रॅप आणि जलरोधन यांत कपात करू नये, कारण त्यांपैकी काहीही बदलायचे तर चांगल्या टाइल फोडाव्या लागतात. कमोड जागेवर ठेवल्याने होणारी बचत बहुधा या सर्वांहून मोठी असते.

काम संपल्यावर बाथरूम केव्हा वापरावे?

सिलिकॉनला २४ तास पाणी लागू देऊ नये. सिमेंटच्या ग्राउटवर दुसऱ्या दिवशी चालता येते. इपॉक्सी ग्राउट पाण्याखाली येण्यापूर्वी काही दिवस द्यावे लागतात आणि नेमका अवधी डब्यावर दिलेला असतो. पहिल्यांदा पाणी सोडताना नळांच्या तोंडच्या जाळ्या काढून ठेवाव्यात, म्हणजे पाइपात राहिलेली वाळू आणि प्लास्टिकचे काप बाहेर पडतील. प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवून तासाभराने पाहिला तर बारीक गळतीही कळते. उरलेल्या टाइलपैकी भिंतीच्या आणि फरशीच्या पाच-सहा तरी बाजूला ठेवून त्यांच्या खोक्यावरचा बॅच क्रमांक लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी त्याच नावाची टाइल मिळाली तरी तिची छटा तीच असेल असे नाही.